कामगारांचं राज्य आणि आमचा संप

मुंबईतल्या गिरण्यांचा संप १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झाला. त्याच्या छत्तीस दिवस आधी, १३ डिसेंबर १९८१ च्या पहाटे, पोलंडमध्ये रणगाडे रस्त्यावर आले होते. देशभरचे फोन बंद, संचारबंदी, आणि सॉलिडॅरिटी या कामगार संघटनेचे हजारो लोक रातोरात घरांतून उचललेले. १६ डिसेंबरला वुयेक नावाच्या कोळसा खाणीत संपावर बसलेल्या नऊ खाणकामगारांना पोलिसांनी गोळ्या घालून मारलं. गोळ्या घालणारं सरकार कामगारवर्गाच्या नावानं चाललेलं होतं. त्याआधी सव्वा वर्षापूर्वी, ऑगस्ट १९८० मध्ये, ग्दान्स्कच्या गोदी कामगारांनी एकवीस मागण्या फळ्यांवर लिहून गेटवर टांगल्या होत्या. त्यांतली पहिली मागणी होती पक्ष आणि मालक यांच्यापासून स्वतंत्र अशा कामगार संघटनेची. दुसरी, संपाच्या हक्काची. कामगारांचं राज्य येऊन पस्तीस वर्षं झाल्यावर तिथले कामगार हे मागत होते.

माझे वडील, दादा, तेव्हा लालबागजवळच्या एका गिरणीत साचेवाले होते. पक्के लाल बावट्याचे. मी पाचवीत होते. पोलंडची बातमी त्यांनी पेपरात वाचली, पेपराची घडी घातली आणि म्हणाले, "पोपनं लावलेली आग आहे ती." पाच आठवड्यांनी ते स्वतः गेटबाहेर उभे होते. त्यांच्या संपाच्या मागण्यांत पगारवाढ होती, बदली कामगारांना कायम करण्याची मागणी होती, आणि १९४६ चा बी.आय.आर. कायदा रद्द करा ही मागणीही होती. या कायद्यानं एका शहरातल्या एका उद्योगात एकाच संघटनेला मालकांशी बोलणी करायचा अधिकार होता. कामगारांना ती संघटना नकोशी झाली असली तरी. आमची संघटना आम्ही निवडू, असं अडीच लाख माणसं म्हणत होती. ग्दान्स्कच्या फळीवरची पहिली ओळ याहून फार वेगळी नव्हती.

दादांना हे साम्य दिसलं नाही, कारण ते ज्या पोलंडबद्दल आणि ज्या रशियाबद्दल वाचत होते ते देश वेगळे होते. 'सोव्हिएत देश' हे नियतकालिक आमच्या चाळीत तीन-चार घरांत यायचं. गुळगुळीत जाड कागद, गव्हाच्या शेतात हसणाऱ्या बायका, लाल स्कार्फ बांधलेली मुलं, कापडगिरण्यांतले लखलखीत साचे. दादा ते साच्यांचे फोटो डोळ्यांजवळ नेऊन बघायचे आणि धोटा कुठल्या पद्धतीचा आहे ते ओळखायचे. वाचून झालं की आई त्या पानांची माझ्या वह्यांना कव्हरं घालायची. माझ्या पिढीतल्या पुष्कळांची रशियाशी ओळख अशी वहीच्या कव्हरावर झाली आहे. पुस्तकं तर इतकी स्वस्त होती, की खाणावळीत जेवणाऱ्या बदली कामगारालाही परवडावीत. गॉर्कीची 'आई' आमच्या घरात ट्रंकेवर असायची, देव्हाऱ्याच्या शेजारी. आईला त्यात काही वावगं वाटायचं नाही.

हे प्रेम वेडगळ नव्हतं, एवढं सांगितलं पाहिजे. १९२८ साली मुंबईच्या गिरण्या सहा महिने बंद होत्या, गिरणी कामगार युनियन त्याच संपात जन्मली, आणि त्या वेळी रशियातल्या कामगार संघटनांकडून संपकऱ्यांसाठी पैसे आले होते. ज्या माणसाला जॉबर शिव्या देतो, पाळीवर घेण्यासाठी लाच मागतो, मुलाच्या आजारपणात रजा देत नाही, त्याला हजारो मैलांवरून कुणीतरी अनोळखी कामगार पैसे पाठवतो ही गोष्ट तीन पिढ्या पुरते. अण्णाभाऊ साठे स्वतः गिरणीत राबलेले. त्यांनी स्टालिनग्राडचा पोवाडा लिहिला, १९६१ मध्ये रशिया पाहून आले आणि 'माझा रशियाचा प्रवास' लिहिला. त्याच १९६१ च्या नोव्हेंबरात रशियानं स्टालिनग्राड हे नाव पुसून व्होल्गोग्राड केलं. नकाशावरून नाव गेलं तरी गिरणगावात पोवाडा चालूच राहिला.

संप कधी मागे घेतला गेलाच नाही. तो विरला. दादांना परत घेतलं नाही. सात वर्षं मिळेल ते काम करून १९८९ मध्ये त्यांनी पागडीची खोली सोडली आणि आम्ही खाडी ओलांडून कोपरखैरणेला सिडकोच्या घरात आलो. वाशीपर्यंत लोकल यायला अजून तीन वर्षं होती. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका रसायन कारखान्याच्या गेटवर दादा रखवालदार म्हणून लागले. ज्या माणसानं आयुष्यभर गेटबाहेर सभा घेतल्या, त्याच्याकडे आता गेट उघडायचं आणि लावायचं काम होतं. याबद्दल ते एकदाच काही बोलले, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

त्याच वर्षी जूनमध्ये पोलंडच्या निवडणुकीत सॉलिडॅरिटी जिंकली, नोव्हेंबरात बर्लिनची भिंत पडली. दोन वर्षांनी, ऑगस्ट १९९१ मध्ये, मॉस्कोत गोर्बाचेव्ह यांच्याविरुद्ध कट झाला तेव्हा दादा तीन दिवस रेडिओला चिकटून होते. कट यशस्वी व्हावा असं त्यांना वाटत होतं. डिसेंबरात क्रेमलिनवरचा लाल झेंडा उतरला. त्यांनी 'सोव्हिएत देश'चे उरलेले अंक बांधून माळ्यावर टाकले. रद्दीत दिले नाहीत.

मी वाचायला लागले ते माझ्या नोकरीमुळे. कळवा-बेलापूर पट्ट्यातल्याच एका कारखान्यात मी जवळजवळ तीस वर्षं मस्टर आणि पगारपत्रकं सांभाळली. किती वाजता कोण आलं, तीन लेटमार्कांना अर्धा दिवस कापायचा, कुणाची रजा शिल्लक आहे, हे माझं जग. त्यामुळे स्टालिनच्या राज्याबद्दल वाचताना मला छळछावण्यांच्या आकड्यांच्याही आधी एक लेटमार्क दिसला. २६ जून १९४० च्या हुकमानं कामावर वीस मिनिटांहून जास्त उशीर हा फौजदारी गुन्हा ठरला. उशीर म्हणजे गैरहजेरी, आणि गैरहजेरीला सहा महिन्यांपर्यंत त्याच कारखान्यात शिक्षा म्हणून काम आणि पगारातून पाव हिस्सा कपात. परवानगीशिवाय नोकरी सोडली तर दोन ते चार महिने तुरुंग. गुन्हा लपवणाऱ्या व्यवस्थापकावरही खटला. म्हणजे पावसात ट्रॅक बुडाले म्हणून ज्या बायकांचे लेटमार्क मी गुपचूप खोडायचे, त्या प्रत्येक खुणेसाठी तिथे माझ्या साहेबावर खटला झाला असता, आणि ते टाळण्यासाठी साहेबानं मला पुढे केलं असतं. ही फौजदारी शिक्षा १९५६ पर्यंत पुस्तकात होती.

हुकूमशाही म्हणजे रात्री दारावर पडलेली थाप, असं आपण समजतो. तीही होतीच. १९३७-३८ या दोन वर्षांत तिथे जवळजवळ सात लाख माणसांना गोळ्या घातल्या गेल्या. त्यांत सरोजिनी नायडूंचे भाऊ वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय होते, ताश्कंदला भारतीय कम्युनिस्ट पक्ष स्थापन करणाऱ्यांपैकी अबनी मुखर्जी होते. साम्राज्यशाहीपासून पळून जे त्या देशाच्या आश्रयाला गेले, ते तिथे हेर ठरून मेले. पण ज्यांच्या दारावर थाप पडली नाही त्यांचं आयुष्यही एका मस्टरमध्ये होतं, आणि मला ते मस्टर वाचता येत होतं.

त्या मस्टरचं दुसरं पान म्हणजे पासपोर्ट. देशाबाहेर जायचा नव्हे, देशातल्या देशात फिरायचा. डिसेंबर १९३२ मध्ये शहरातल्या लोकांना तो सक्तीचा झाला, त्यावर राहण्याच्या जागेचा शिक्का, आणि सामुदायिक शेतावरच्या शेतकऱ्यांना मात्र तो दिलाच नाही. पासपोर्ट नाही म्हणजे गाव सोडून शहरात कामाला राहता येत नाही. ही स्थिती बदलायचा निर्णय व्हायला १९७४ उजाडलं. दादा १९५५ मध्ये, सतरा वर्षांचे असताना, पाटण तालुक्यातल्या आमच्या गावातून कुणालाही न विचारता निघाले. एसटीनं कराड, तिथून रेल्वे, आणि मुंबईत चुलत्याच्या खोलीवर सतरा माणसांत अठरावे. अण्णाभाऊ तर लहानपणी घरच्यांबरोबर वाटेगावहून मुंबईपर्यंत चालत आले होते. वाटेत पोलिसानं त्यांना भिकारी समजून हटकलं असेल, पण तुझं गाव सोडायचा परवाना कुठे आहे असं कुणी विचारलं नाही. सगळं गिरणगाव अशा बिनपरवाना माणसांनी भरलेलं होतं.

आणि निघणं ही चैन नव्हती. ज्या हिवाळ्यात तिथे हे पासपोर्ट आले, त्याच हिवाळ्यात युक्रेनमध्ये आणि कुबानमध्ये दुष्काळ होता. दुष्काळ पावसानं कमी आणि सरकारी वसुलीनं जास्त आणलेला. गावातलं धान्य कोटा म्हणून उचललं जात होतं. ७ ऑगस्ट १९३२ चा कायदा असा होता, की सामुदायिक शेतातलं धान्य चोरलं तर गोळी, सवलत मिळाली तर दहा वर्षं. कापणीनंतर जमिनीवर पडलेली कणसं वेचणारेही त्यात सापडले. जानेवारी १९३३ मध्ये हुकूम निघाला, की युक्रेन आणि कुबानच्या शेतकऱ्यांना बाहेर पडू देऊ नका, त्यांना रेल्वेची तिकिटं विकू नका, जे निघाले आहेत त्यांना पकडून परत पाठवा. एकट्या युक्रेनमध्ये तीस लाखांहून जास्त माणसं मेली. आमच्याकडे १९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा माणसं मुंबईला येत होती, रोजगार हमीच्या कामावर खडी फोडत होती, पेपरांत रोज शिव्या घातल्या जात होत्या. दुष्काळात माणसाला वाचवणाऱ्या गोष्टी पुष्कळदा अशाच असतात: चालते पाय आणि ओरडणारा पेपर.

आता गिरण्यांबद्दल. मुंबईला जसं भारताचं मँचेस्टर म्हणायचे तसं मॉस्कोच्या ईशान्येला असलेल्या इवानोवो शहराला रशियाचं मँचेस्टर म्हणत. कापडगिरण्यांचं शहर, कामगारांत बायका पुष्कळ. १९०५ च्या क्रांतीत पहिली 'सोव्हिएत', म्हणजे कामगारांनी निवडलेली समिती, याच शहरातल्या गिरणी संपात उभी राहिली. ज्या शब्दावरून पुढे अख्ख्या देशाचं नाव पडलं, तो राजकारणात आणला तो साचेवाल्यांनी आणि त्रासनवाल्यांनी. दादांना हे माहीत होतं, अभिमानानं सांगायचे.

१९३२ च्या एप्रिलमध्ये याच भागात रेशनवरची पावाची तुकडी कापली गेली. काही कामगारांची जवळजवळ निम्म्यावर आली. विचुगा नावाच्या गिरणगावात साचे थांबले. बघता बघता तिथल्या सगळ्या गिरण्या बंद पडल्या. हजारो माणसं रस्त्यावर आली, पोलिसांच्या, पक्षाच्या कचेऱ्यांवर चालून गेली, गोळीबार झाला, माणूस मेला. शेजारच्या तेयकोवो गावातले संपकरी आपलं गाऱ्हाणं घेऊन इवानोवोच्या दिशेनं पायी निघाले. मॉस्कोहून स्टालिनचा उजवा हात कागानोविच आला. थोडं धान्य आणवलं, पुढाऱ्यांना पकडलं, संप मोडला. पेपरात एक ओळ आली नाही. शेजारच्या जिल्ह्यातल्या कामगारालाही कळलं नाही, मग लालबागला कुठून कळणार? महिन्याभरात सरकारनं शेतकऱ्यांना बाजारात धान्य विकायला थोडी मोकळीक दिली, म्हणजे संपाचा धसका घेतला गेला होता. पण तसं कबूल कुणी करणार नव्हतं, कारण कामगारांच्या राज्यात कामगार स्वतःविरुद्ध संप कसा करील, असा तिथला सिद्धांत होता.

हे वाचताना मला सगळ्यात जास्त अस्वस्थ केलं ते गॉर्कीनं. दादांच्या ट्रंकेवरच्या 'आई'चा लेखक. श्वेत समुद्र ते बाल्टिक हा कालवा १९३१ ते १९३३ मध्ये लाखाहून जास्त कैद्यांनी कुदळी-फावड्यांनी खणला, हजारो तिथेच मेले, आणि त्या कालव्याचं गुणगान करणारा जाडजूड ग्रंथ १९३४ मध्ये निघाला त्याचा एक संपादक गॉर्की होता. कादंबरी त्यामुळे वाईट ठरत नाही. पावेलची आई पत्रकं पोटाशी बांधून कारखान्यात नेते ते वाचताना आजही माझा घसा दाटतो. पण ती पत्रकं तिनं १९३२ मध्ये विचुगाला नेली असती तर?

तीस वर्षांनी, १ जून १९६२ रोजी, रेडिओवरून जाहीर झालं की मांस तीस टक्क्यांनी आणि लोणी पंचवीस टक्क्यांनी महाग. दक्षिण रशियात नोवोचेर्कास्क इथल्या रेल्वे इंजिनांच्या कारखान्यात नेमके त्याच सुमाराला कामाचे दर कापले गेले होते. कामगारांनी मॅनेजरला विचारलं, आम्ही खायचं काय? तो म्हणाला, मांस परवडत नसेल तर कलेजीच्या पुऱ्या खा. प्रत्येक संपाला असा एक मॅनेजर लागतोच. कारखान्याचा भोंगा वाजला, लोकांनी रूळ अडवले. दुसऱ्या दिवशी हजारोंचा मोर्चा शहराकडे निघाला, आणि त्यांच्या हातात काय होतं? लाल झेंडे आणि लेनिनचे फोटो. पुलावर रणगाडे उभे होते. तिथल्या शापोश्निकोव्ह नावाच्या सेनापतीनं माणसांवर रणगाडे घालायला नकार दिला. मोर्चा रणगाडे ओलांडून पुढे गेला. चौकात मात्र गोळीबार झाला. सव्वीस माणसं मेली. प्रेतं रातोरात नेऊन लांबलांबच्या स्मशानांत पुरली, नातेवाइकांना जागा सांगितली नाही. चौकातलं रक्त धुऊन जाईना म्हणून नवं डांबर टाकलं. पुढे खटले भरून आणखी सात जणांना मृत्युदंड दिला. सोव्हिएत पेपरांत ही हकीकत छापायला आणखी पंचवीस वर्षं लागली.

आपल्याकडे गोळीबार झाले नाहीत असं मी म्हणत नाही. संयुक्त महाराष्ट्राचे हुतात्मे १०६, तेही स्वतंत्र भारतात. आणि मी ज्या नव्या मुंबईत राहते ती ज्यांच्या जमिनींवर उभी आहे, त्या आगरी-कोळी शेतकऱ्यांवर १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी जासई-नवघर परिसरात पोलिसांनी गोळ्या झाडल्या. पाच जण मेले. सिडकोचा नकाशा आधी झाला आणि माणसं नंतर विचारात घेतली गेली, हे इथे सगळ्यांना माहीत आहे. पण जासईला त्या पाच जणांचं स्मारक आहे. दर जानेवारीत तिथे लोक जमतात, पुढारी येतात, सरकारला बोल लावतात. दि. बा. पाटलांनी तो लढा चालवला, ते तुरुंगात गेले, निवडणुका लढले, जिंकले, हरलेही. आणि साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळण्याची योजना त्या लढ्यातून निघाली. पुरेशी नाही, वेळेवर नाही, तरी निघाली. नोवोचेर्कास्कच्या आयांना तीस वर्षं थडगं कुठे आहे तेही माहीत नव्हतं.

हरण्यावरून आठवलं. १९७० मध्ये परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला. पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी सरोजिनीबाई उभ्या राहिल्या आणि शिवसेनेच्या वामनराव महाडिकांकडून दोन हजारांहूनही कमी मतांनी हरल्या. ती रात्र दादा कधी विसरले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी ते पाळीवर गेले, आणि पुढच्या निवडणुकीला परत भिंती रंगवायला चुना घेऊन बाहेर पडले. ज्या देशाच्या नावानं ते भिंती रंगवत होते तिथे मतपत्रिकेवर एकच नाव असे. मत द्यायचं म्हणजे कागद घडी करून पेटीत टाकायचा. नाव खोडायचं असेल तर पडद्याआड जायचं, आणि पडद्याआड कोण गेलं हे बसलेल्या सगळ्यांना दिसायचं. तिथे निवडणूक हरलेला कम्युनिस्ट सापडणं अवघड. आमच्या चाळीत प्रत्येक मजल्यावर होता.

हे सगळं मी दादांना सांगायला गेले, २०१४ च्या आसपास. ते पंचाहत्तरी ओलांडलेले, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, वाचायला त्रास. मी वाचून दाखवायचे, मराठीत सांगत सांगत. आधी त्यांनी ठरलेली उत्तरं दिली: अमेरिकेचा प्रचार, युद्धाचं सावट, चहूकडून वेढा. मग एक दिवस त्यांनी ते सगळं बाजूला सारलं आणि म्हणाले, "ठीक आहे. त्यांना संपाचा हक्क नव्हता. मला होता. काय झालं त्याचं? दीड वर्ष उपाशी राहिलो. तुझी आई पापड लाटत होती. गिरणी गेली, खोली गेली, आता तिथं टॉवर आहे. तिकडच्या साचेवाल्याला खोली होती, नोकरी होती, दवाखाना होता, पोरं फुकट शिकत होती. सांग, कोण जिंकलं?"

याला माझ्याकडे झटपट उत्तर नव्हतं, आणि झटपट उत्तर देणाऱ्यांचा मला राग येतो. त्यांच्या साठीनंतरच्या सोव्हिएत साचेवाल्याला खरंच नोकरीची हमी होती. आमच्या गल्लीत संपानंतर माणसं गळफास घेत होती, पोरं टोळ्यांत जात होती. आज माझा मुलगा ऐरोलीला काचेच्या इमारतीत काम करतो, तिथे युनियन हा शब्दसुद्धा कुणी काढत नाही आणि एका ईमेलवर माणसं घरी जातात. हक्क पुस्तकात आहे. दादांचा प्रश्न पोकळ नव्हता.

मी त्यांना वूच शहराची गोष्ट सांगितली. पोलंडचं गिरणगाव. फेब्रुवारी १९७१ मध्ये तिथल्या कापडगिरण्यांत संप झाला, बहुतेक बायकांचा. दोन महिन्यांपूर्वीच्या अन्नाच्या भाववाढीविरुद्ध. त्या वाढीपायी डिसेंबरात बंदरांच्या शहरांत चाळीसहून जास्त माणसं सरकारनं मारली होती आणि तरी भाव उतरले नव्हते. वूचला पंतप्रधान स्वतः आला, रात्री गिरणीत जाऊन बायकांसमोर उभा राहिला. त्या बायकांनी पोरांच्या डब्यात काय असतं ते त्याला सुनावलं. दुसऱ्या दिवशी भाववाढ मागे. हमी दिलेली भाकरी टिकवायलाही शेवटी साचा थांबवावाच लागला, एवढंच मला म्हणायचं होतं.

"बायका होत्या?" दादांनी विचारलं. आणि हसले. आमच्या गिरणीतल्या वाइंडिंग खात्यातल्या कुणा एकीची आठवण काढली, जिनं मॅनेजरच्या टेबलावर बांगड्या काढून ठेवल्या होत्या.

आणीबाणीचा विषय मी काढला नाही. त्यांच्या पक्षानं आणीबाणीला पाठिंबा दिला होता, संप करणं त्या काळात जवळजवळ अशक्य झालं होतं, आणि १९७८ मध्ये पक्षानं ती चूक होती असं म्हटलं. त्या दोन वर्षांत दादा सभांना जात आणि घरी येऊन कुणाशी बोलत नसत, असं आई सांगायची. प्रभाकर उर्ध्वरेषे यांचं 'हरवलेले दिवस' मी त्यांना वाचून दाखवू लागले तेव्हा पंधरा-वीस पानांनंतर त्यांनी हात वर केला. पक्षात घालवलेल्या आणि मग हरवलेल्या दिवसांची ती आठवण आहे. "हे मला माहीत आहे," म्हणाले. "तू ते गिरणीचंच सांग."

गिरणीचं म्हणजे विचुगाचं. ते त्यांनी दोनदा-तीनदा ऐकलं. सिद्धांताबद्दल, स्टालिनबद्दल एक शब्द नाही. त्यांचे प्रश्न वेगळे. पाळ्या किती? पाव किती कापला? पहिलं खातं कुठलं बंद पडलं? मी म्हटलं, शोधून सांगते. ते म्हणाले, "शोधायचं काय, साचेखातंच असणार."

मग बराच वेळ थांबून विचारलं, "गावाकडनं काय येत होतं त्यांना?"

बेचाळीस सालच्या भूमिगतांना जसं, तसं ब्याऐंशीच्या संपकऱ्यांना गावांनी जगवलं होतं. आमच्या गावाहून एसटीच्या टपावर तांदळाची आणि नाचणीची पोती यायची, कधी भुईमूग. भावकीतल्या ज्या चुलत्याशी दादांचा बांधावरून वाद होता त्यानंही दोन पोती पाठवली होती. संप दीड वर्ष ओढला गेला तो भाषणांवर नव्हे, त्या पोत्यांवर. मी त्यांना सांगितलं, की विचुगाच्या कामगारांची गावं त्या वर्षी स्वतःच रिकामी झाली होती. सरकारनं धान्य उचललेलं, जनावरं सामुदायिक शेताकडे गेलेली. गावाकडून येण्यासारखं काही उरलं नव्हतं.

दादांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"मग निघाला किती दिवस?"

"आठवडाभर," मी म्हटलं.

"आठवडा," ते म्हणाले. "पोती नसताना."